शनिवारचा केळीबागेतला खून: कोणी कोणी पाहिला? (रहस्यभेद आहे, भाग पाहायचा असेल तर पुढे वाचू नका)

तापीकाठचा

रावेर तालुक्यात घडणारा भाग येणार म्हणून आमच्या घरी आठवडाभर नुसता गाजावाजा होता. मालिकेचं नाव लिहीत नाही, शनिवारी रात्री इथे कोण काय बघतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

दोन भाऊ, वाटणी झालेली, विहीर मात्र सामायिक. एका रात्रीत थोरल्याच्या बागेतली घडावर आलेली तीनशे खोडं कोणीतरी कापून टाकतं आणि सकाळी थोरला त्याच बागेत मरून पडलेला. शेजारी फवारणीच्या औषधाचा डबा. गाव म्हणतं, नुकसान बघवलं नाही म्हणून माणसाने औषध घेतलं. जळगावहून आलेल्या इन्स्पेक्टर बाईंना ते पटत नाही. आधी त्या थोरल्याच्या बायकोला उचलतात, मग धाकट्याला. धाकटा म्हणतो, मी रात्री एक ते चार माझ्या बागेला पाणी भरत होतो. बाई वीज कंपनीत फोन लावतात. त्या आठवड्यात त्या फिडरला, म्हणजे शिवाराच्या वीजवाहिनीला, दिवसाची पाळी होती, रात्री मोटरीला लागणारी थ्री फेज वीज नव्हतीच! धाकटा खाली मान घालतो आणि कोठडीत कबूल होतो. पण 'पुढील भागात' मध्ये कोर्टात तोच ओरडताना दाखवलाय, की मी काही केलेलं नाही.

वीजपाळीचा पुरावा मला जाम आवडला. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री, आणि त्या पाळीवर आपलं झोपणं-उठणं अवलंबून, हे टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं. लेखकाला कोणीतरी शेतकरी भेटला असणार.

बाकीच्या वेळी तो कुठे गेला होता कोण जाणे. जळगावहून रावेरला जाताना पोलिसांची गाडी धबधब्याच्या घाटातून जाते. भुसावळ-सावद्याच्या रस्त्यावर घाट? बाग म्हणून दाखवली तिथे माती लाल, बांधाला नारळ. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि हे लोक तिला नारळाखाली उभी करतात. घर उतरत्या कौलांचं. अरे, आमच्याकडचं जुनं घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं असतं, एवढं तरी गुगल करायचं.

तुमचं मत लिहा. खुनी धाकटाच का?

सावदेकर

पाहिला. वीजपाळीचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो, तोच पुरावा सगळ्यात कच्चा आहे. शिवारात निम्म्या मोटरींना ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी घोरत असतो. म्हणजे 'मी रात्री पाणी भरायला गेलो' हेच मुळात संशयास्पद वाटायला हवं होतं, लाईट असो नसो. आणि बिबट्याच्या भीतीने हल्ली यावल-रावेरकडे रात्री एकटं कोणी बागेत पाऊल टाकत नाही, दोघं-तिघं मिळून जातात. बाईंनी पहिला प्रश्न 'सोबत कोण होतं' हा विचारायला हवा होता.

दुसरं, बाग ठिबकवर आहे. नळ्या स्पष्ट दिसतात. मग मृताभोवती गुडघाभर चिखल आणि त्यात बुटाचे ठसे कुठून आले? ठिबकवर खोडाजवळ तेवढी ओल असते, मधला पट्टा कोरडा. ठसे पाहिजे होते तर पाटपाणी दाखवायचं, नळ्या कशाला अंथरल्या?

धुळ्याचा गप्पू

हाई काय शे भो? रावेरचा माणूस आणि तोंडात अहिराणी! आम्हनी अहिराणी इकडे धुळं, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर. रावेर-यावलकडे लेवा बोली, तावडी. आणि अहिराणी तरी धड बोलायची होती. दर वाक्याला 'शे' (म्हणजे 'आहे') चिकटवलं की झालं असं वाटतं त्यास्ले.

जेवणाचा प्रसंग मात्र झकास. हवालदार इन्स्पेक्टर बाईंना फौजदारी डाळ वाढतो आणि त्या नाव ऐकून ताटाकडे बघतच राहतात. आमच्याकडे घरात सगळे हसले.

पुण्यातला जावई

सासुरवाडी फैजपूरची असल्याने मलाही बसवून दाखवला गेला. तुम्ही मंडळी फारच बारकावे काढता. माती लाल की काळी याने कथेला काय फरक पडतो? मला थोरल्याच्या बायकोचं काम करणाऱ्या अभिनेत्रीने धरून ठेवलं. घरात प्रेत आणलंय, बायका रडताहेत, आणि ती आत जाऊन आधी गॅस बंद करते, दूध उतू जात असतं. एक शब्द नाही. तेवढ्यासाठी बाकी सगळं माफ.

तापीकाठचा

जावईबापू, तो प्रसंग चांगलाच होता, वाद नाही. पण मातीने फरक पडतो. पोलीस एका चपलेला चिकटलेल्या मातीवरून तर्क लढवतात ना? मग माती कुठली ते महत्त्वाचंच.

हवालदाराची सून

सासरे पोलीस खात्यातून निवृत्त. भाग बघताना त्यांनी इतक्या वेळा 'छ्या' म्हटलं की नातवंडं मोजायला लागली. त्यांचे मुद्दे माझ्या शब्दांत.

बाई कोठडीत जबाब घेतात, धाकटा कबूल होतो, 'केस सॉल्व्ह' म्हणून सगळे चहा पितात. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ झालंय. कबुलीजबाब घ्यायचा तर मॅजिस्ट्रेटसमोर, आणि तोही विचार करायला वेळ देऊन. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, समजा विळा विहिरीत टाकला होता तो निघाला, तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. या भागात धाकट्याने काही काढून दिलंय का? काहीच नाही. म्हणजे तो कोर्टात उलटला तर त्यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

थोरल्याच्या बायकोला रात्री अकराला घरातून नेतात. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. इन्स्पेक्टर बाई स्वतः जळगावला होत्या, नेणारे दोघं पुरुष शिपाई. सासरे म्हणाले, दुसऱ्या दिवशी त्या दोघांची चौकशी लागली असती.

आणि ३०२! १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, खुनाला आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. मालिकेत गाडीवर, मोबाईलमध्ये सगळं आजचं, कलम मात्र जुनंच. अर्थात 'तीनशेदोन लागेल तुला' याला जो दणका आहे तो 'एकशेतीन'ला नाही, हे सासऱ्यांनाही मान्य.

एक गोष्ट बरोबर दाखवली त्याचं त्यांनी कौतुक केलं. सुरुवातीला गुन्हा नोंदवत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद करतात. खबर पोलीस पाटील देतो. हे तसंच असतं. श्वानपथकाचंही खरं. कुत्रं डांबरी रस्त्यापर्यंत जातं आणि तिथे घुटमळतं. पेपरातही दर वेळी हेच छापून येतं.

जामनेरची सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात आहे, फवारणीच्या औषधाच्या केसेस पावसाळ्यात किती येतात ते विचारू नका. ज्या वर्गातलं औषध डब्यावर दाखवलंय ते पोटात गेलेला माणूस झोपल्यासारखा शांत पडलेला नसतो. लाळ, फेस, उलटी, घामाने कपडे चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. वास तर वॉर्डाच्या दारात येतो, नाकावर रुमाल घेतल्याशिवाय जवळ जाववत नाही. इथे इन्स्पेक्टर बाई तोंडाजवळ वाकून बघतात, त्यांना कसलाही वास येत नाही आणि मग त्या जाहीर करतात की 'काहीतरी चुकतंय'. हा दुवा लेखकाने मुद्दाम ठेवलाय की चुकून राहिलाय? मुद्दाम असेल तर मानलं. कारण वास नाही म्हणजे औषध पोटात नाही, मेल्यावर शेजारी डबा ठेवलाय.

पण मग डॉक्टर त्याच संध्याकाळी 'विषबाधा' म्हणून लिहून देतात, तिथे सगळं कोसळतं. खरं तर लिहितात 'कारण राखून ठेवले, व्हिसेरा राखून ठेवला'. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने. तो नाशिकच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट बघत नातेवाईक खेटे घालत राहतात.

सावदेकर

सिस्टरताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. म्हणजे पोलीस, डॉक्टर सगळे विष-विष करताहेत आणि मरण दुसऱ्याच कशाने?

धुळ्याचा गप्पू

मानेवर वळ होता का? अंधारात चित्रीकरण करतात आणि मग म्हणतात प्रेक्षक लक्ष देत नाहीत.

चिनावलची केळीवाली

एवढ्या प्रतिसादांत कोणीच कपड्यांबद्दल बोललं नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या घरी तीन पिढ्या केळी आहे, मी स्वतः बागेत काम केलंय आणि त्याहून जास्त बागेतले कपडे धुतलेत.

केळीचं खोड कापलं की चीक उडतो. पाण्यासारखा पातळ, रंग नाही. अंगावर पडला तर कळतही नाही, घाम वाटतो. तासाभराने तो तांबूस होतो, वाळला की तपकिरी, आणि एकदा धुतला की काळपट होऊन जन्माचा राहतो. लिंबू, रॉकेल, निळा साबण, कशाकशाने जात नाही. म्हणून कापणीचे मजूर वेगळेच कपडे ठेवतात. लग्नाला आलेला पाहुणा हौसेने बागेत जाऊन एक घड कापतो आणि नवा सदरा घालवून बसतो, हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतं.

आता तीनशे खोडं. खोड मऊ असतं, नुसते एकावर एक पाल्याचे पदर आणि पाणी, एका घावात आडवं होतं. म्हणून एक माणूस रात्रीतून तीनशे कापू शकतो, तिथे मालिका चुकलेली नाही. पण दर घावाला चीक उडतो. छातीवर, बाह्यांवर, मनगटाला, नखांत. तीनशे घावांनंतर त्या माणसाच्या अंगावरचा कपडा ओळखू येणार नाही.

धाकट्याला बघा. रात्री जेवताना त्याच्या अंगावर पांढरा सदरा आहे, खिशाला निळ्या शाईचा डाग. सकाळी पंचनाम्याला तोच सदरा, तोच शाईचा डाग, बाकी कपडा लख्ख. त्या माणसाने खोडं कापलेली नाहीत. इन्स्पेक्टर बाई त्याच्यासमोर उभ्या राहून मोबाईलच्या टॉवर लोकेशनच्या गप्पा मारतात! शेजारी पंच म्हणून गावातलीच दोन माणसं उभी, दोघं केळीवाले. त्यांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

अजून एक. खोड पडताना आवाज होतो. वीस-पंचवीस किलोचा घड घेऊन ते धपकन जमिनीवर येतं. तीनशे वेळा. मळ्यात शेजारच्या झोपडीत राखणदार झोपलेला दाखवलाय आणि तो म्हणतो, काही ऐकलं नाही. त्याला परत एकदा बोलवा.

तापीकाठचा

ताई!! हे वाचून मी आणि बायको दोघांनी परत लावून बघितला. सदरा तोच आहे. शाईचा डागही आहे.

पुण्यातला जावई

शब्द मागे घेत नाही, पण हे भारी आहे.

हवालदाराची सून

सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, कपडे जप्त करणं हे पहिलं काम. अंगावरचे कपडे पंचांसमोर काढून, पुडीत सील करून प्रयोगशाळेला पाठवायचे. नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यायचंच आहे, झडतीचं मोबाईलवर चित्रीकरणही करायचं आहे. इथे आला तो एक फोटोग्राफर, आणि त्याने प्रेताचे दोन फोटो काढून चहा घेतला.

टॉवर लोकेशनबद्दल: खेड्यात एक टॉवर काही किलोमीटर शिवार सांभाळतो. त्यावरून 'धाकटा बागेतच होता' असं कसं म्हणणार? त्याचं घरही त्याच टॉवरखाली येतं की.

निंभोऱ्याचा नाना

मी विम्यावर बोलतो, कारण मालिकेने हेतू तोच दिलाय. धाकट्याने म्हणे थोरल्याची बाग कापली, दोघांच्या सामायिक विम्याचे पैसे उचलायला. लेखकाला सांगा, केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. थंडीत तापमान ठरलेल्या आकड्याखाली ठरलेले दिवस गेलं, उन्हाळ्यात वर गेलं, तर मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई बसते. बागेत काय झालं ते बघायला कोणी येत नाही. गारपीट किंवा वादळी वारा झाला तरच बांधावर येऊन पाहणी. विळ्याने कापलेल्या खोडाचा विमा कोणीच देत नाही. वाऱ्याने मोडलेलं खोड आणि कापलेलं खोड यातला फरक शेंबडं पोरही सांगेल.

आणि धाकट्याचा दुसरा खुलासा, की 'हरण्या आला होता म्हणून झाडं काढली'. हरण्या, म्हणजे तो सीएमव्ही विषाणूचा रोग, कोवळ्या बागेत दिसतो. आम्ही तेव्हा रोप कंदासकट उपटून बाहेर नेऊन टाकतो, नाहीतर रोग मागे राहतो. घडावर आलेली झाडं कमरेएवढ्या उंचीवर कापून कोणी रोग घालवत नाही. बाईंनी तेही ऐकून घेतलं.

तीनशे खोडांवरून आठवलं. पाच बाय पाच फुटांवर एकरी सतराशेच्या आसपास झाड बसतं. तीनशे म्हणजे सात गुंठे. वरून ड्रोनने दाखवलंय ते अख्खं शिवार आडवं झालेलं.

सावदेकर

नाना, पण खोडं कापण्याची घटना त्यांनी हवेतून आणलेली नाही. घडावर आलेली बाग रातोरात कापल्याच्या बातम्या आपल्या तालुक्यांत अधूनमधून येतातच, 'अज्ञात माथेफिरू' असं छापतात. माथेफिरू कसला, बांधाचा नाहीतर विहिरीचा वाद असतो आणि कोणी केलं ते गावाला माहीत असतं. वर्षभर पोराला सांभाळावं तसं सांभाळलेलं पीक कापणीला आठ दिवस असताना जातं. मारामारीने जे होत नाही ते याने होतं. लेखकाने ही बातमी वाचली, गोष्ट तिथून सुचली, इथपर्यंत उत्तम. पुढे त्याने कोणालाच काही विचारलं नाही.

धुळ्याचा गप्पू

मग खोडं कापणारा वेगळा आणि मारणारा वेगळा असं झालं ना? थोरला आवाज ऐकून बागेत गेला, त्याने कापणाऱ्याला बघितलं, झटापट झाली, मेला. डबा नंतर आणून ठेवला. धाकटा कोणाला तरी वाचवतोय.

जामनेरची सिस्टर

गप्पूभाऊ, पटतंय. कबूल होताना तो एकदा दाराकडे बघतो. दारात कोण उभं असतं? त्याचा पोरगा. थोरल्याचा पुतण्या.

चिनावलची केळीवाली

पुतण्याचे हात बघा. अंत्ययात्रेनंतर सगळे ओट्यावर बसलेत, तो पूर्ण वेळ हात खिशात घालून. गर्मीचे दिवस, बाकी सगळे उपरण्याने वारा घेताहेत. आणि काळा टी-शर्ट. काळ्यावर चीक दिसत नाही.

पुण्यातला जावई

अहो, तरुण कलाकार असेच हात खिशात घालून उभे राहतात. दिग्दर्शकाने तेवढा विचार केला असेल असं घाट आणि नारळ पाहून वाटतं का तुम्हाला?

तापीकाठचा

तोच तर घोळ आहे. अर्ध्या गोष्टी अशा की लेखकाला बाग माहीत आहे: वीजपाळी, पोलीस पाटील, औषधाचा वास नसणं, सदऱ्यावरचा शाईचा डाग मुद्दाम जवळून दाखवणं. अर्ध्या अशा की तो कसाऱ्याच्या पलीकडे कधी आलाच नाही. मला वाटतं लिहिणारा आपल्याकडचा आहे आणि चित्रीकरण करणाऱ्यांनी जिथे बाग स्वस्तात मिळाली तिथे उरकलं. शाईचा डाग उगीच कोणी लावत नाही. प्रेक्षकाने सदरा ओळखावा म्हणूनच तो आहे.

निंभोऱ्याचा नाना

लिहिणारा आपल्याकडचा असता तर विम्याचा हेतू ठेवला नसता.

तापीकाठचा

नाना, विम्याचं पोलिसांना वाटतंय. पोलीस चुकताहेत असं दाखवायचं असेल तर?

निंभोऱ्याचा नाना

मग नारळ पण पोलिसांना वाटताहेत का?

हवालदाराची सून

सासरे विचारताहेत, पुतण्याला जर पुढच्या भागात धरणार असतील तर तो अठरा पूर्ण आहे का? बारावीचं पुस्तक हातात दाखवलंय. अठराच्या आत असेल तर बाल न्याय मंडळाकडे जाईल, नेहमीची कोठडी नाही, बेड्या नाहीत. सोळाच्या वर असेल आणि गुन्हा असा गंभीर असेल तर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का ते मंडळ आधी तपासतं. बाप कबूल का झाला याचं उत्तर कदाचित तिथेच आहे. बापाला वाटलं असेल, पोराचं आयुष्य जाईल. कोणीतरी वकिलाने त्याला एवढं सांगितलं असतं तर तो गप्प बसला असता.

सावदेकर

हे लेखकाच्या डोक्यात असेल तर पुढचा शनिवार बघण्यासारखा होईल. नसेल तर परत टॉवर लोकेशन.

जामनेरची सिस्टर

माझी शनिवारी रात्रपाळी आहे. कोणीतरी इथे लिहा, पण खुनी पहिल्या ओळीत नका लिहू.

धुळ्याचा गप्पू

सिस्टरताईसाठी नवीन धागा काढू आपण, हा भरत आला. आणि चिनावलच्या ताई, एक घड कापून सदरा घालवलेला पाहुणा मीच होतो बहुतेक, मे महिन्यात सावद्याला लग्न होतं.

चिनावलची केळीवाली

गप्पूभाऊ, मग तो सदरा आता कापणीलाच ठेवा. नाना, तुमच्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्या पडून असतील तर कळवा, आमच्या उंदरांनी कुरतडल्यात.

निंभोऱ्याचा नाना

आहेत दोन बंडल. रविवारी पाठवा कोणाला तरी, शनिवारी रात्री मी टीव्हीपुढे.